आत्मचित्रातील काळोखाचा थर

आत्मचित्र म्हणजे आरशातील चेहऱ्याची हुबेहूब नक्कल, असा सर्वसाधारण समज आहे. इटालियन चित्रकार कॅराव्हॅज्जिओने तो चार शतकांपूर्वीच खोटा ठरविला. १६०६ मध्ये त्याच्या हातून एका माणसाची हत्या झाली आणि त्याला रोम सोडून पळावे लागले. पुढे १६१० च्या सुमारास रंगविलेल्या चित्रात, डेव्हिडच्या हातातील गोलायथच्या छाटलेल्या मस्तकाला त्याने स्वतःचाच चेहरा दिला. रोममधील बोर्गेझे संग्रहालयात हे चित्र आजही पाहता येते.

संगणकावर असे प्रतीकात्मक आत्मचित्र काढताना 'लेयर', म्हणजे एकावर एक रचलेले थर, फार उपयोगी पडतात. फोटोशॉपमध्ये ही सोय १९९४ मध्ये आली. प्रथम आपल्या भीतीला किंवा अपराधभावाला एखादे रूप द्यावे : बंद दार, कोरडी विहीर, पाठमोरी सावली. काळोखासाठी निव्वळ काळा रंग निर्जीव दिसतो. त्याऐवजी गडद निळा वा तपकिरी थर 'मल्टिप्लाय' पद्धतीने चेहऱ्यावर द्यावा. त्याने खालचे रंग गडद होतात, पण चेहरा हरवत नाही. प्रकाश सर्वांत शेवटी आणि मोजकाच आणावा.

मात्र याच साधनात पळवाटही आहे. नकोसा थर एका क्लिकने दिसेनासा करता येतो आणि मागे उरतो तो नेहमीचा प्रसन्न चेहरा. चित्र पूर्ण झाल्यावर तो थर तसाच राहू देण्याचे धैर्य दाखविता आले, तरच आपण स्वतःला पाहिले असे म्हणता येईल.