विश्लेषण : कॅम्परव्हॅनला ‘सर्ज प्रोटेक्टर’ लावला की काम झालं? कोकणात मुक्कामाला निघण्यापूर्वी हे वाचा

रत्नागिरी : दिवाळीची सुट्टी लागली की मुंबई-पुण्याच्या गाड्या हातखंब्याला वळतात आणि थेट मांडवीच्या काळ्या वाळूवर येऊन थांबतात. या गाड्यांमध्ये अलीकडे एखादी कॅम्परव्हॅनही असते. आत पलंग, छोटा फ्रीज, इंडक्शन शेगडी, कधी एसीसुद्धा. जेट्टीवर सूर्यास्त बघून झाला की मुक्कामाची सोय बघायची. ओळखीच्या घरगुती निवासाच्या अंगणात गाडी लावायची आणि मालकांना विचारायचं, ‘काका, जरा लाईट घेऊ का?’ काका हो म्हणतात. व्हरांड्यातल्या सॉकेटपासून गाडीपर्यंत एक्स्टेन्शन ओढलं जातं.

गाडीतल्या महागड्या उपकरणांचं आणि त्यात झोपणाऱ्या माणसांचं काय होणार, हे पुढे त्या एका वायरीवर ठरतं. म्हणूनच ‘गाडीसाठी कोणता सर्ज प्रोटेक्टर घ्यावा?’ हा प्रश्न व्हॅनवाले हमखास विचारतात. त्याचं खरं उत्तर असं, की सर्ज प्रोटेक्टर हवाच, पण खरेदीच्या यादीत त्याचा नंबर तिसरा आहे. पहिले दोन कोणते आणि का, ते पाहू.

सर्ज म्हणजे नेमकं काय?

आपल्या घरात 230 व्होल्ट, 50 हर्ट्झचा पुरवठा येतो. जवळपास वीज पडली किंवा लाईनवर मोठी उघडझाप झाली, तर तारेतून हजारो व्होल्टचा झटका येऊ शकतो. तो सेकंदाच्या लाखाव्या भागाच्या आसपासच टिकतो. यालाच सर्ज म्हणतात.

सर्ज प्रोटेक्टरमध्ये बहुतेक वेळा ‘एमओव्ही’ नावाची छोटी गोल चकती असते. व्होल्टेज नेहमीचं असताना ती शांत असते. व्होल्टेज फार वाढलं की ती क्षणात वाहक होते आणि जादा ऊर्जा स्वतःकडे घेऊन बाजूला वळवते. क्षणभराच्या झटक्यासाठी हे उत्तम काम आहे. मात्र ती चकती बनलेलीच आहे क्षणभरासाठी.

मग कोकणात जास्त धोका कशाचा?

तुटलेल्या न्यूट्रलचा.

खांबावर तीन फेज आणि एक न्यूट्रल असतो. प्रत्येक फेज आणि न्यूट्रलमध्ये 230 व्होल्ट असतात, पण दोन फेजमध्ये सुमारे 400 व्होल्ट. वाऱ्याने, फांदी पडून किंवा खारी हवा लागून गंजलेला जोड सुटून न्यूट्रल तुटला, तर वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांना मालिकेत जोडली जातात. मग 400 व्होल्ट दोघांत वाटले जातात आणि ही वाटणी समान नसते.

सोपं उदाहरण घेऊ. शेजारच्या घरात 2000 वॉटचा गीझर सुरू आहे. तुमच्या व्हॅनमध्ये फ्रीज, पंखा आणि चार्जर मिळून 200 वॉट चालू आहेत. दोघं दोन फेजवर आहेत आणि दोघांचा सामाईक न्यूट्रल तुटला. गणित केलं तर गीझरला जेमतेम 36 व्होल्ट मिळतात आणि तुमच्या व्हॅनला सुमारे 360. ज्याचा वापर कमी, त्याच्या वाट्याला व्होल्टेज जास्त. रात्री पंखा लावून शांत झोपलेली व्हॅन नेमकी याच बाजूला असते.

हे 360 व्होल्ट क्षणात जात नाहीत. कुणीतरी मेन स्विच बंद करेपर्यंत किंवा वायरमन येईपर्यंत ते तसेच राहतात. साध्या सर्ज प्रोटेक्टरमधली चकती बहुधा 275 व्होल्टची असते. ती सेकंदाला शंभर वेळा वाहक होऊ लागते, तापते आणि काही वेळात जळते. लाकडी कपाटं आणि फोमच्या गाद्या असलेल्या बंद गाडीत ही ठिणगी किती महाग पडेल, हे वेगळं सांगायला नको.

3 जून 2020 चं निसर्ग चक्रीवादळ आणि मे 2021 चं तौक्ते यांत कोकण किनाऱ्यावर खांब आणि तारा कशा आडव्या झाल्या, हे सर्वांनी पाहिलं. पण न्यूट्रल तुटायला चक्रीवादळच लागतं असं नाही. एक सैल जोड पुरतो.

यादीत पहिला नंबर : अर्थिंग आणि आरसीसीबी

उपकरण जळलं तर नवीन घेता येतं. म्हणून आधी माणसाचा विचार.

व्हॅनची बॉडी पत्र्याची असते. आतल्या एखाद्या वायरचं इन्सुलेशन घासून फेज बॉडीला लागला, तर सगळी गाडी करंट मारू लागते. आत बसलेल्याला कदाचित काहीच जाणवणार नाही. समुद्रावरून ओल्या पायांनी, अनवाणी येऊन दाराची कडी धरणाऱ्याला मात्र जिवाचा धोका आहे, आणि लहान मुलं सगळ्यात आधी दाराकडेच धावतात.

‘एमसीबी आहे ना, पडेल की,’ असं वाटतं. हिशेब बघा. कोकणात जांभ्याचा कातळ उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि तिथे चांगलं अर्थिंग मिळणं अवघड असतं. समजा अर्थिंगचा रोध 50 ओहम आहे. अशा वेळी दोषाचा प्रवाह 230 भागिले 50, म्हणजे 4.6 अ‍ॅम्पिअर. 16 अ‍ॅम्पिअरच्या एमसीबीला हा साधा लोड वाटतो, त्यामुळे तो पडतच नाही. 30 मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी मात्र 0.03 अ‍ॅम्पिअरच्या गळतीवरच वीज तोडतो. जुन्या भाषेत ज्याला आपण ईएलसीबी म्हणतो, त्याच कामाचं हे आजचं यंत्र.

तो कुठे बसवायचा? एक व्हॅनच्या आत हवाच. पण आतला आरसीसीबी अंगणात पडलेल्या वायरीला संरक्षण देत नाही. त्यासाठी प्लगच्या टोकाला लावायचा पोर्टेबल आरसीसीबी बॉक्स सोबत ठेवा. सॉकेट, मग बॉक्स, मग वायर, मग गाडी असा क्रम ठेवा. टेस्ट बटण प्रत्येक मुक्कामी दाबून पाहा. खटका पडला नाही, तर त्या बॉक्सवर विसंबू नका.

एका जुगाडापासून मात्र आरसीसीबीही वाचवू शकत नाही. अर्थिंग नसलेल्या सॉकेटमध्ये काही जण न्यूट्रलचाच तुकडा अर्थच्या पिनला जोडून देतात. घराचा न्यूट्रल तुटला की तोच तुकडा फेजचं व्होल्टेज थेट तुमच्या गाडीच्या पत्र्यावर आणतो. आरसीसीबी फेज आणि न्यूट्रल तोडतो, अर्थची वायर तोडत नाही. म्हणून अर्थिंगची वायर खड्ड्यापर्यंत खरोखर जाते का, हे घरमालकांना विचारा आणि शक्य असेल तर डोळ्यांनी पाहा. विचारण्यात संकोच नको. त्यांच्या घरालाही त्याचाच आधार आहे.

दुसरा नंबर : व्होल्टेज प्रोटेक्टर

व्होल्टेज ठरावीक मर्यादेबाहेर गेलं की पुरवठा तोडणारं आणि पूर्ववत झालं की थोडं थांबून परत जोडणारं हे यंत्र. बाजारात ते ‘ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर’ नावाने मिळतं. बोटभर रुंदीचं असतं, समोर व्होल्टेजचा आकडा दिसतो आणि डिस्ट्रिब्युशन बॉक्समध्ये पट्टीवर बसतं. न्यूट्रल तुटण्यावरचं खरं औषध हेच.

घेताना तीन गोष्टी पाहा. वरची मर्यादा 260-270 व्होल्टच्या आसपास आणि खालची 180 च्या आसपास लावता यायला हवी. परत जोडण्याचा उशीर बदलता यायला हवा. एसी किंवा फ्रीज असेल तर कॉम्प्रेसरसाठी तो तीन मिनिटे ठेवावा. आणि न्यूट्रल तुटल्यावर येणारे 400 व्होल्ट ते यंत्र स्वतः सहन करतं का, हे माहितीपत्रकात तपासावं.

‘मग स्टॅबिलायझर का नको?’ स्टॅबिलायझर कमी-जास्त व्होल्टेज सावरतो. मे महिन्यात संध्याकाळी व्होल्टेज पडलं तर एसीला त्याचा उपयोग होतो. पण तो सर्ज अडवत नाही, आणि त्याच्या पट्ट्याबाहेर गेलेलं व्होल्टेज सावरणं त्याच्या आवाक्यात नसतं. शिवाय तो जड असतो. एसी नसलेल्या व्हॅनला त्याची गरज सहसा पडत नाही.

तिसरा नंबर : सर्ज प्रोटेक्टर, पण कोणता?

यांचे तीन प्रकार असतात. टाइप 1 इमारतीच्या मुख्य प्रवेशावर बसतो, जिथे थेट विजेचा मोठा प्रवाह येऊ शकतो. टाइप 2 डिस्ट्रिब्युशन बॉक्समध्ये. टाइप 3 उपकरणाजवळ, म्हणजे चांगल्या प्रतीची स्पाइक गार्ड पट्टी. व्हॅनच्या बॉक्ससाठी टाइप 2 घ्यावा. खोक्यावर हे वाचा :

• आयईसी 61643-11 या मानकाचा उल्लेख.

• कमाल सतत व्होल्टेज, म्हणजे ‘यूसी’. 275 ऐवजी 320 किंवा 385 व्होल्टचा घ्यावा. आकडा वाढला की अडवण्याची पातळीही थोडी वर जाते, पण आपल्याकडच्या व्होल्टेजला तो जास्त टिकतो.

• ‘यूपी’, म्हणजे झटक्यानंतर उपकरणापर्यंत पोहोचणारं व्होल्टेज. हे जितकं कमी तितकं चांगलं. 1.5 किलोव्होल्टच्या आसपास असावं.

• हिरवी-लाल खिडकी. लाल झाली की आतलं कार्ट्रिज संपलं, बदलायचं. ही चकती प्रत्येक झटक्यागणिक झिजते.

बसवताना जोडणीच्या तारा अर्ध्या मीटरपेक्षा लांब नकोत. तार लांबली की संरक्षण घटतं. घराचं अर्थिंग स्वतंत्र खड्ड्याचं असेल तर ‘वन प्लस वन’ जोडणीचा सर्ज प्रोटेक्टर आरसीसीबीच्या आधी बसवावा. इलेक्ट्रिशियनला क्रम असा सांगा : इनलेट, दोन पोलचा एमसीबी, सर्ज प्रोटेक्टर, आरसीसीबी, व्होल्टेज प्रोटेक्टर आणि मग उपकरणं.

अर्थिंगच नसेल तर सर्जची ऊर्जा वळवायची कुठे? म्हणूनही अर्थिंग पहिलं.

अमेरिकेचा तयार बॉक्स मागवला तर?

यूट्यूबवर दिसणारे ‘आरव्ही सर्ज प्रोटेक्टर’ कामाचे असतात. चांगले मॉडेल उलटी जोडणी, नसलेलं अर्थिंग आणि वाढलेलं व्होल्टेज सगळं तपासतात. पण ते अमेरिकेच्या 120 व्होल्ट, 60 हर्ट्झसाठी, तिथल्या 30 आणि 50 अ‍ॅम्पिअरच्या प्लगसाठी बनलेले आहेत. आपल्या 230 व्होल्टवर ते चालणार नाहीत. युरोपची पद्धत आपल्याला जवळची आहे. तिथेही 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ असतात आणि कॅराव्हॅनला निळा, तीन पिनांचा 16 अ‍ॅम्पिअरचा प्लग लागतो. हा निळा इंडस्ट्रियल प्लग आपल्याकडेही मिळतो. व्हॅनच्या इनलेटला तो लावून घेतल्यास जोड घट्ट बसतो आणि पाण्यापासूनही बचाव होतो.

कॅराव्हॅन पार्कमधल्या प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र 30 मिलिअ‍ॅम्पिअरचं गळती-संरक्षण असावं, असं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. महाराष्ट्राच्या 2021 च्या कॅराव्हॅन पर्यटन धोरणातही कॅराव्हॅन पार्कची कल्पना आहे. पण अंगणात गाडी लावणाऱ्याला ही सोय स्वतःच सोबत न्यावी लागते.

गाडी लावल्यावर पाच मिनिटांत काय तपासाल?

1. 16 अ‍ॅम्पिअरचा सॉकेट मागा. 6 अ‍ॅम्पिअरच्या सॉकेटवर इंडक्शन चालवू नका.

2. मल्टिमीटरने मोजा. फेज-न्यूट्रल 230 च्या आसपास, फेज-अर्थही तितकंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. मोठा लोड चालू असतानाही न्यूट्रल-अर्थ अगदी शून्य दिसलं, तर वर सांगितलेल्या जुगाडाची शंका घ्या.

3. तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर उलटी जोडणी आणि नसलेला अर्थ दाखवतो. अर्थिंग किती सक्षम आहे, हे त्याला कळत नाही.

4. वायर तीन तारांची आणि 2.5 चौरस मिलिमीटरची हवी. पूर्ण उलगडा, गुंडाळी तशीच ठेवली तर ती तापते. जोड वाळूत नको, उंचावर ठेवा.

5. पिनांवर हिरवा थर दिसला तर साफ करा. खारी हवा हे काम काही महिन्यांत करते.

ढग गडगडू लागले तर?

कोकणात विजांचा जोर एप्रिल-मेमध्ये आणि परतीच्या पावसात सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरमध्ये असतो. मुक्कामाचा हंगामही साधारण तोच. जवळ पडलेल्या विजेपुढे वरची तिन्ही यंत्रं मिळूनही खात्री देऊ शकत नाहीत. उपाय फुकटचा आहे : प्लग काढा. पण कडकडाट सुरू होण्याआधी, वीज कोसळत असताना नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप परिसरातल्या विजांचा इशारा देतं, ते फोनमध्ये ठेवा.

प्लग काढल्यावर व्हॅन आपल्या 12 व्होल्ट बॅटरीवर पंखा, दिवे आणि फोन चार्जिंग सांभाळते. बॅटरी त्यासाठीच असते. दारं-खिडक्या लावून पत्र्याच्या गाडीत बसणं किनाऱ्यावर थांबण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित, कारण विजेचा प्रवाह बॉडीच्या बाहेरून जमिनीत जातो. टायर रबराचे असल्यामुळे वाचतो, हा समज चुकीचा आहे. फायबरच्या बॉडीला हे संरक्षण मिळत नाही.

थोडक्यात

पैसे कमी असतील तर आधी आरसीसीबी घ्या, मग व्होल्टेज प्रोटेक्टर, मग टाइप 2 सर्ज प्रोटेक्टर. तिन्हींची मिळून किंमत एका एसीपेक्षा बरीच कमी आहे. बसवण्याचं काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. आणि रात्री गाडीतले दिवे अचानक प्रखर झाले किंवा कमी-जास्त होऊ लागले, तर वाट न पाहता आधी घरातला मेन स्विच किंवा सॉकेटचं बटण बंद करा, मग प्लग काढा, काकांना उठवा आणि महावितरणच्या 1912 वर कळवा. कारण त्या क्षणी फक्त तुमची व्हॅन नाही, आख्खी आळी धोक्यात असते.