शेवट ठाऊक, तरी ८ वर्षं वाट!

२०१२च्या मे महिन्यात हिलरी मँटेल यांच्या कादंबरी-त्रयीतलं दुसरं पुस्तक ‘ब्रिंग अप द बॉडीज’ आलं आणि तिसऱ्या भागाची वाट पाहणं तिथूनच सुरू झालं. ‘वुल्फ हॉल’ (२००९) पाठोपाठ या पुस्तकालाही बुकर मिळालं. दोनदा बुकर जिंकणाऱ्या मँटेल या पहिल्या महिला.

गंमत म्हणजे, पुढे काय होणार हे कुणापासून लपलेलं नव्हतं. या कादंबऱ्यांचा नायक, पटनीच्या लोहाराचा पोरगा थॉमस क्रॉमवेल, इंग्लंडच्या राजाचा, आठव्या हेन्रीचा, उजवा हात झाला आणि २८ जुलै १५४० रोजी राजाच्याच हुकुमाने त्याचं मुंडकं उडालं. इतिहासानेच शेवट फोडलेला!

मग उत्सुकता कसली? त्याचं उत्तर मँटेल यांच्या शैलीत आहे. सारं कथन वर्तमानकाळात. क्रॉमवेलचा उल्लेख बहुतेकदा नुसता ‘तो’. बापाच्या लाथा खाऊन फरशीवर पडलेल्या पोराच्या डोळ्यांतून ‘वुल्फ हॉल’चं पहिलं पान उघडतं आणि वाचक त्याच्या डोक्यात शिरतो, तो शिरतोच. त्या माणसाला अजून उद्या माहीत नसतो.

मुळात हेन्रीची राणी अ‍ॅन बोलिन हिचा अंत हा पुढच्या कथेचा एक भाग असणार होता. लिहिता लिहिता त्याचंच स्वतंत्र पुस्तक झालं, ते ‘ब्रिंग अप द बॉडीज’. साहजिकच शेवट लांबला.

२०१९मध्ये लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये हेन्रीच्या घराण्याचं चिन्ह असलेल्या ट्यूडर गुलाबाचा एक फलक झळकला. तिसरा भाग येतोय हे कळायला जाणकारांना तेवढी खूण पुरली. ५ मार्च २०२०ला ‘द मिरर अँड द लाइट’ आलं : ठोकळ्यासारखं जाडजूड, १५३६च्या मे महिन्यात, अ‍ॅनच्या वधस्तंभापाशीच सुरू होणारं.