कुंडीतला वाफसा

ऑर्किड भेट मिळालं की पहिले दोन महिने घर फुलांवर खूश असतं. मग फुलं गळतात, पानं मलूल होतात आणि घरातलं कुणीतरी मायेनं रोज तांब्याभर पाणी घालू लागतं. त्या पाण्यानंच रोप दगावतं. माझं पहिलं फॅलेनॉप्सिस असंच गेलं. कुंडी उपडी केली तेव्हा मुळं तपकिरी, बुळबुळीत झालेली होती. चिमटीत धरली की साल सुटून हातात नुसता दोरा उरायचा.

ऑर्किडला पाणी कसं घालावं याचं उत्तर आपल्या शेतकऱ्यांच्या एका शब्दात आहे : वाफसा. पाऊस पडून गेल्यावर जादा पाणी निचरतं, मातीच्या कणांना ओल धरून राहते आणि मधल्या पोकळीत हवा शिरते. ती स्थिती म्हणजे वाफसा. ऑर्किडच्या मुळांना नेमकं हेच हवं असतं. पाण्याबद्दलचे बहुतेक गैरसमज मुळांना हवाही लागते हे विसरल्यामुळे झाले आहेत.

गैरसमज : इतर झाडांसारखंच मातीत लावावं आणि रोज पाणी घालावं.

वस्तुस्थिती : जमिनीत वाढणारी ऑर्किडंही आहेत, सह्याद्रीच्या सड्यांवर आणि गवतात पावसाळ्यात ती भरपूर दिसतात. पण घरासाठी विकली जाणारी फॅलेनॉप्सिस, डेंड्रोबियम आणि व्हँडा ही मुळात झाडांवर राहणारी. आपल्याकडे मे-जूनमध्ये आंब्या-फणसाच्या फांदीवर सीतेची वेणी फुलते, तिच्याकडे पाहा. लोक तिला बांडगूळ समजतात, पण ती झाडाचा रस घेत नाही, फक्त आधार घेते. तिची मुळं उघडी असतात. सर आली की चिंब होतात, वारा सुटला की वाळतात.

या मुळांवर मृत पेशींचं पांढरट, स्पंजासारखं आवरण असतं. ते पाणी झटकन शोषून घेतं आणि ओलं झालं की पारदर्शक होऊन आतला हिरवा रंग दाखवतं. हे मूळ चिकट मातीत कोंडलं तर गुदमरून कुजतं. म्हणून कुंडीत कोळसा, विटांचे तुकडे, नारळाच्या सोडणांचे तुकडे किंवा पाइनची साल घालतात. कुंडीलाही भरपूर भोकं हवीत.

गैरसमज : पाण्याचा वार ठरवून टाकला की झालं.

वस्तुस्थिती : वार ठरतो तो कुंडीतल्या भरावावरून आणि हवेवरून. मॉसमध्ये लावलेलं फॅलेनॉप्सिस पुण्याच्या पावसाळी हवेत आठ-दहा दिवस ओलं राहू शकतं. कोळसा-विटांतल्या डेंड्रोबियमला एप्रिलच्या उन्हाळ्यात रोज पाणी लागेल. नुसतं टांगलेलं, भरावच नसलेलं व्हँडा तर बहुतेक दिवस सकाळी भिजवावं लागतं.

तीन खुणा शिकून घ्या. मुळं हिरवी असतील तर थांबा, रुपेरी-करडी झाली की पाणी द्या. पाणी घातल्यावर आणि वाळल्यावर कुंडी उचलून वजनातला फरक हाताला शिकवा. शंका असेल तर बांबूची बारीक काडी भरावात खोचा. दहा मिनिटांनी काढल्यावर ती ओलसर लागली, तर आणखी एक-दोन दिवस वाट पाहा.

गैरसमज : थोडं थोडं पाणी द्यावं; बर्फाचे खडे ठेवणं सर्वांत उत्तम.

वस्तुस्थिती : घोट-घोट पाण्यानं वरचा थर ओला राहतो आणि तळाची मुळं कोरडी. पाणी द्यायचं तेव्हा भरपूर द्या. कुंडी नळाखाली धरा, पाणी भोकांतून वाहू द्या, मग पूर्ण निथळू द्या. बशीत साठलेलं पाणी लगेच ओता. शोभेच्या बंद कुंडीत आतली कुंडी ठेवली असेल तर तिच्या तळाशी जमलेलं पाणी हमखास तपासा.

बर्फाबद्दल अमेरिकेत ओहायो आणि जॉर्जियातल्या विद्यापीठांच्या संशोधकांनी प्रयोग केला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सालीच्या भरावातल्या फॅलेनॉप्सिसला आठवड्याला तीन खडे दिले होते. झाडांना अपाय झाला नाही, फुलंही तितकीच टिकली. म्हणजे बर्फ विष नाही. पण त्याचा खरा उपयोग पाणी मोजून देण्याचा आहे. आपल्या उन्हाळ्यात उघड्या गॅलरीतल्या झाडाला तीन खडे पुरणार नाहीत.

गैरसमज : पानांवर फवारा मारला की पाण्याची गरज भागते.

वस्तुस्थिती : पानांवर मेणचट थर असतो, त्यातून पाणी फारसं आत जात नाही. फवाऱ्यानं वाढलेली आर्द्रताही काही मिनिटांत उडून जाते. शिवाय फॅलेनॉप्सिसच्या पानांच्या बेचक्यात पाणी साचून राहिलं तर गाभा कुजतो. गाभा गेला की त्या शेंड्यातून नवं पान येत नाही. साचलेलं पाणी कागदानं टिपून घ्या. पाणी सकाळी द्या, म्हणजे रात्रीपर्यंत झाड कोरडं होतं. एप्रिलच्या दुपारी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तापलेलं असतं, हेही सकाळी पाणी घालण्याचं कारण.

गैरसमज : पानं सुरकुतली म्हणजे झाड तहानलेलंच.

वस्तुस्थिती : सर्वांत जास्त झाडं या समजुतीनं जातात, म्हणून इथे थांबून विचार करा. मुळं कुजली तर कुंडीत पाणी असूनही झाड ते घेऊ शकत नाही आणि पानं तशीच सुरकुततात. खूण एक, कारणं दोन. आधी मुळं पाहा. टणक आणि करडी असतील तर भिजवा. मऊ, तपकिरी, पोकळ असतील तर निर्जंतुक केलेल्या कात्रीनं ती कापा, उरलेली मुळं सुकू द्या आणि नव्या भरावात लावा.

गैरसमज : पाणी कुठलंही चालतं.

वस्तुस्थिती : बोअरच्या जड पाण्यातले क्षार भरावावर आणि मुळांवर साठतात. पांढरे डाग दिसतात, मुळांची टोकं काळी पडतात. आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी वाया जाऊ नये ही भावना चांगली आहे, पण त्यात क्षार एकवटलेले असतात. ते फरशी पुसायला वापरा. पावसाचं पाणी उत्तम. ते नसेल तर शक्य तेवढं कमी क्षारांचं पाणी घ्या.

गैरसमज : वर्षभर पाणी सारखंच लागतं.

वस्तुस्थिती : सह्याद्रीतलं डेंड्रोबियम बार्बाट्युलम पावसाळ्यानंतर पानं गाळतं आणि कोरड्या महिन्यांत उघड्या कांड्यांवर पांढरी फुलं फुलवतं. विश्रांती हा त्याच्या आयुष्याचाच भाग आहे. बाजारातली बहुतेक संकरित डेंड्रोबियम सदाहरित असतात, त्यांना पूर्ण उपास घडवू नका. पण थंडीत वाढ मंदावली की पाणी कमी करा. पावसाळ्यात सर अंगावर घेतली तरी चालेल, मात्र कुंडी निथळती हवी आणि भोवती वारा खेळता हवा. संततधारेत फॅलेनॉप्सिस आडोशाला ठेवा.

पेरणीच्या दिवसांत शेतकरी पाऊस पडला म्हणून लगेच तिफण धरत नाही. तो मूठभर माती उचलतो, दाबून पाहतो आणि वाफसा येईपर्यंत थांबतो. उद्या सकाळी हातात तांब्या घेण्याआधी तसंच करा. कुंडी उचला, मुळांचा रंग पाहा. ती हिरवी असतील तर तांब्या खाली ठेवा.