रायफलची सेफ्टी गावच्या लोहाराकडे नको!

मुरबाड : भातात रानडुकरं शिरायला लागली की परवान्याची बंदूक कपाटातून बाहेर येते. आमच्या ओळखीच्या एकांच्या जुन्या ३१५ बोअर रायफलची सेफ्टी सैल झाली होती. 'वेल्डिंगवाला घासून देईल' म्हणत होते. थांबवलं, कारण यात जीव जाऊ शकतो.

ईशापूरच्या कारखान्यातली ३१५ बोअर जुन्या ली-एनफिल्डच्या धर्तीची. डाव्या बाजूची छोटी कळ मागे घेतली की बोल्टमागचा घोडा अडकतो, बोल्टही उघडत नाही. कळ आणि घोड्यातली खाच केसभर झिजली किंवा जास्त घासली गेली, तर कळ लागल्यासारखी दिसते, पण घोडा धरून ठेवत नाही. रायफल पडली, धक्का बसला की गोळी सुटू शकते.

कायदाही कडक आहे. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ नुसार बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे त्याचा परवाना लागतो. विनापरवाना दुरुस्तीला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षे, जास्तीत जास्त जन्मठेप. त्यामुळे काम परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच द्या, परवाना सोबत न्या. पत्ता माहीत नसेल तर पोलीस ठाण्यात विचारा. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत परवान्याचं काम पोलीस आयुक्तालय बघतं, मुरबाड-शहापूरला जिल्हाधिकारी कार्यालय.

तोवर बंदूक रिकामी करून कुलपात ठेवा, गोळ्या वेगळ्या. आणि सेफ्टी नवीकोरी असली तरी नळी माणसाकडे नको, बोट चापावर नको. परवाना असला म्हणून डुक्कर मारता येत नाही. त्याला वनविभागाची परवानगी वेगळी लागते.