हात लावताच नाहीसा होणारा पॉझिट्रॉन साठवतात तरी कसा?

पेट स्कॅनच्या आधी रुग्णाला जे इंजेक्शन देतात, त्यातून शरीरात पॉझिट्रॉन बाहेर पडत असतात. जेमतेम मिलिमीटरभर अंतर कापलं की त्यांना इलेक्ट्रॉन भेटतो आणि दोघेही नाहीसे होतात. मागे उरतात दोन गॅमा किरण, आणि स्कॅनचं यंत्र नेमके तेच टिपतं. म्हणजे पॉझिट्रॉन मिळवणं आता रोजचं काम झालंय. खरी अडचण आहे ती त्याला टिकवण्याची.

पॉझिट्रॉन हा इलेक्ट्रॉनचा प्रतिकण. वस्तुमान तेवढंच, विद्युतभार मात्र धन. कार्ल अँडरसन यांना १९३२ मध्ये वैश्विक किरणांचा अभ्यास करताना तो सापडला. त्याला ठेवायला भांडं घ्यावं तर कुठल्याही भांड्याची भिंत इलेक्ट्रॉनांनी भरलेली! म्हणून भिंतीऐवजी चुंबकीय क्षेत्र वापरतात. धातूच्या कड्यांची एक नळी, आत निर्वात पोकळी. नळीच्या लांबीच्या दिशेने असलेलं चुंबकीय क्षेत्र कणांना भिंतीकडे जाऊ देत नाही आणि दोन्ही टोकांच्या कड्यांवरचा धन व्होल्टेज त्यांना परत ढकलतो. याला पेनिंग-माल्मबर्ग सापळा म्हणतात.

पण आत शिरणार कसे? सोडियम-२२ सारख्या किरणोत्सारी पदार्थातून निघणारे पॉझिट्रॉन फार वेगवान असतात. गोठवलेल्या निऑनच्या थरातून जाताना त्यांतले थोडेच मंदावून हाती लागतात, शंभरात एकही धड नाही. तेही सापळ्यात शिरतात आणि परत बाहेर पडतात, कारण आत येण्याइतकी ऊर्जा असलेल्याकडे बाहेर जाण्याइतकीही असतेच. परातीच्या काठावरून सोडलेली गोटी घर्षण नसेल तर समोरच्या काठापर्यंत चढते, तसंच हे.

क्लिफर्ड सुर्को आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये यावर तोडगा काढला. त्यांनी सापळ्यात थोडासा नायट्रोजन सोडला. प्रतिद्रव्य जपायचं आणि त्यातच साधा वायू सोडायचा, हे ऐकायला उफराटं वाटतं. पण नायट्रोजनच्या रेणूवर आपटलेला पॉझिट्रॉन बहुधा नष्ट होण्याआधीच आपली ऊर्जा गमावतो आणि खड्ड्यात अडकतो. पुढच्या टप्प्यांमध्ये वायू विरळ होत जातो, शेवटी तो उपसून काढतात.

मग गर्दीचा प्रश्न येतो. सगळे एकाच भाराचे, त्यामुळे एकमेकांना ढकलतात. गोल फिरणाऱ्या विद्युतक्षेत्राने हा ढग आवळून धरता येतो, पण एक लाख कोटी कण एकाच नळीत कोंडायचे तर टोकांना हजारो व्होल्ट लागतील. म्हणून सुर्को यांच्या गटाने एकाच चुंबकात अनेक लहान कप्पे करायची योजना मांडली. (समाजमाध्यमांवर ‘प्रतिद्रव्याचा बॉम्ब’ फिरतो, त्यासाठी हिशेब: एक लाख कोटी पॉझिट्रॉन एकदम नष्ट झाले तरी निघणारी ऊर्जा साधारण १६ ग्रॅमची वस्तू मीटरभर उचलण्याइतकीच.)

एवढा खटाटोप कशासाठी? नेहमीच्या प्लाझ्मात ऋण भाराचे इलेक्ट्रॉन हलके आणि धन आयन हजारो पटींनी जड असतात. अगदी हलका हायड्रोजन आयनही १,८३६ पट जड. प्लाझ्मातल्या कितीतरी लहरी आणि खळबळ या तफावतीतून येतात. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन प्लाझ्मात तफावतच नाही. गणित सांगतं की तो कमालीचा शांत असावा. पल्सार ताऱ्यांभोवती असा प्लाझ्मा असतो असं मानलं जातं, पण तिथे जाऊन तपासणार कोण?

जर्मनीत गार्शिंगला मॅक्स प्लांक प्लाझ्माभौतिकी संस्थेचा ‘अपेक्स’ प्रकल्प तो प्रयोगशाळेत बनवू पाहतोय. तिथल्या संशोधन अणुभट्टीवरचा स्रोत सेकंदाला सुमारे १०० कोटी मंद पॉझिट्रॉन देऊ शकतो. मात्र पेनिंग-माल्मबर्ग सापळा दोन्ही भारांचे कण एकत्र धरू शकत नाही. ते जमतं पृथ्वीसारख्या द्विध्रुवी चुंबकीय क्षेत्राला. २०१८ मध्ये या गटाने एका साध्या कायम चुंबकाभोवती पॉझिट्रॉन सेकंदाहून जास्त काळ टिकवून दाखवले. पण चुंबकाला आधार द्यावाच लागतो आणि कण त्या आधारावर आपटतात. म्हणून पुढचा बेत आहे हवेत, किंबहुना निर्वातात, तरंगणाऱ्या अतिसंवाहक वेटोळ्याचा. साठवलेले पॉझिट्रॉन त्यातच इलेक्ट्रॉनांसोबत सोडायचे आहेत. तिथे कण इतके विरळ असतील की दोघे शेजारी राहूनही लगेच एकमेकांना संपवणार नाहीत.