धुळीआड जन्मणारे तारे

पौष-माघात रात्री नऊच्या सुमारास मृग नक्षत्र आकाशात उंच येते. त्यातील बाणाच्या तीन ताऱ्यांखाली, दक्षिणेस, फिकट ताऱ्यांची लहान ओळ आहे. तिच्या मध्यभागी दिसणारा धुरकट ठिपका म्हणजे तेजोमेघ होय. तो सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूर असून तेथे नवे तारे जन्मास येत आहेत. मीरा-भाईंदरच्या खाडीकाठावरून शहरी दिव्यांच्या उजेडात तो ओळखणे कठीण झाले आहे. अंधाऱ्या गावच्या शाळेने मात्र ही संधी दवडू नये.

डोळ्यांस दिसतो तो मेघाचा केवळ दर्शनी भाग. तारे ज्या दाट वायूत जन्मतात त्यात धूळ मिसळलेली असते व ती प्रकाश अडविते. तेथील वार्ता दोन वाटांनी कळते.

पहिली वाट रेडिओ-लहरींची. मोठ्या तरुण ताऱ्याचे अतिनील किरण भोवतालच्या हायड्रोजन अणूंतील इलेक्ट्रॉन सुटे करितात. असा इलेक्ट्रॉन प्रोटॉनजवळून वळताना रेडिओ-लहरी सोडतो आणि त्या धुळीतून सहज बाहेर येतात. पुणे जिल्ह्यात नारायणगावनजीक खोडद परिसरातील, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची दुर्बीण त्या टिपते. ती डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. त्यांची भारतातील पहिली रेडिओ-दुर्बीण मात्र मीरा-भाईंदरच्याच ठाणे जिल्ह्यात, कल्याण येथे, १९६५ साली सूर्याच्या निरीक्षणासाठी उभारली गेली होती. तिला ३२ लहान तबकड्या होत्या.

दुसरी वाट उष्णतेची. धूळ ताऱ्याचा प्रकाश गिळून किंचित तापते व ती ऊर्जा अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर टाकते. उन्हात तापलेली भिंत सूर्यास्तानंतरही ऊब देते, तसाच हा प्रकार. भिंतीजवळ हात धरावयास लावून मुलांस तो सहज पटविता येईल. मात्र ही 'तापलेली' धूळ बहुधा शून्याखाली दोनशे अंशांहूनही थंड असते! तिचे किरण हवेतील बाष्प शोषून घेते. म्हणून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने एक मीटर व्यासाची दुर्बीण हैदराबादहून फुग्याने सुमारे ३० किलोमीटर उंच नेली.

दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्यावर खरा उलगडा होऊ लागतो. रेडिओ-लहरींवरून अतिनील किरणांचा अंदाज येतो, अवरक्त किरणांवरून एकंदर तेजाचा. उष्णता पुष्कळ पण रेडिओ-लहरी क्षीण असल्यास तेथे एका प्रचंड ताऱ्याऐवजी अनेक लहान तारे असू शकतात. तारा अगदी कोवळा असेल, किंवा अतिनील किरण धूळच गिळीत असेल. या संस्थेच्या संशोधकांनी खोडदचे रेडिओ-नकाशे व फुग्यावरील दुर्बिणीचे नकाशे जुळवून असे कित्येक मेघ तपासले आहेत.