चाकांवरचे घर आणि हंपी

सांबऱ्याहून हुबळी-गदगमार्गे हंपी सुमारे पावणेतीनशे किलोमीटर. झोपण्याची सोय, ओटा, शौचालय असलेली कॅराव्हॅन भाड्याने घेऊन मुलाबाळांसह तेथे जावे का, असे स्नेही विचारतात. अवश्य जावे. १३३६ साली वसलेले विजयनगर एका दिवसात पाहून होत नाही. कमलापूर परिसरात मुक्काम केल्यास दरोजीचे अस्वल-अभयारण्यही पाहता येते.

बालरोगतज्ज्ञ म्हणून मला एका गोष्टीची काळजी वाटते. विठ्ठल मंदिरापर्यंत (येथील मूर्ती भानुदासांनी पंढरपुरी परत नेली, असे परंपरा सांगते) वाहन नेता येत नाही. ते अलीकडेच उभे करून बॅटरीवरच्या गाडीने किंवा पायी जावे लागते. नेमके तेव्हाच मूल गाढ झोपलेले असते. ‘निजू दे, घरच तर आहे!’ असे वाटते. परंतु एंजिन थांबले की बहुधा वातानुकूलनही थांबते. उन्हातील बंद मोटारीचे तापमान दहा मिनिटांत सुमारे १० अंश सेल्सिअसने वाढू शकते, आणि काच बोटभर उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. बालकाचे शरीर प्रौढापेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापते. म्हणून मुलाला उठवावे. रडले तरी कडेवर घ्यावे. चालत्या वाहनात मात्र त्याला पलंगावर न निजवता पट्ट्याच्या आसनावरच बसवावे. मंदिर शक्यतो सकाळीच पाहावे. त्या वेळी मुले जागीच असतात.